चार फुल्या आणि एक गाजर

"आजी, आज परत लेबरकेझं होतं. लेकर!" ओवीनं दप्तर खुर्चीवर फेकलं आणि पोटावरून हात फिरवला.

लेकर म्हणजे चविष्ट, एवढं जर्मन मला येतं. केझं म्हणजे चीज, तेही येतं. त्या जोरावर मी सुपरमार्केटात एकटी जाते. म्हणून म्हटलं, "खा गं बाई, चीजनं हाडं भरतात." तीन आठवडे मी हेच म्हणत होते, तेही कौतुकानं.

त्या दिवशी माझी सून वैभवी घरूनच काम करत होती. तिनं कानातले हेडफोन काढले आणि स्वयंपाकघरात आली.

"ओवी, काय खाल्लंस म्हणालीस?"

"लेबरकेझं. मिट झेन्फ."

वैभवी माझ्याकडे वळली. "अहो आई, ते चीज नाही. नुसतं नावात आहे. मांस असतं ते. डुकराचं, गाईचं."

माझी तव्यावरची पोळी तशीच राहिली. आमच्या घरात अंडं शिजलेलं नाही कधी. चांदवडला माझी पिठाची गिरणी होती, तिथे मी बोंबील बांधलेली पिशवीसुद्धा ओट्यावर ठेवू द्यायची नाही. आणि माझी सहा वर्षांची नात इथे एर्लांगेनमध्ये पहिलीत बसून, मोहरीची चटणी लावून, माझ्याच आशीर्वादानं हे खात होती. पोरीला काय कळणार? तिलाही ते चीजच वाटलं होतं.

संध्याकाळी श्रीरंग घरी आला. माझा मुलगा तसा शांत, पण रागावला की बापासारखा हळू बोलायला लागतो.

"आपण कागदावर लिहून दिलं होतं. तरी यांनी दिलं. म्हणजे आपल्या कागदाला यांच्या लेखी किंमत नाही. सोमवारी भेटतो आणि नाव काढून घेतो."

ही शाळा सरकारी नाही. ऐंशी-नव्वद मुलं, आईबापांनी मिळून काढलेली, त्यांच्याच भरवशावर चालणारी. श्रीरंगनं पालकांच्या ग्रुपवर काय लिहिलं कोण जाणे, पण रात्रीच्या जेवणाआधी आणखी दोन मराठी घरांचे फोन आले. तेही म्हणाले, तुम्ही काढलीत तर आम्हीही काढतो.

ओवी न्हाणीघरात आतून कडी लावून बसली. "इश ब्लाइबं!" एवढंच ओरडत होती. मी राहणार, मी राहणार. पोरगी रागावली की मराठी विसरते.

"मीही येणार सोमवारी," मी म्हटलं. "मला बघायचंय त्या शाळेच्या कचेरीतल्या बाईला."

मला राग यायला कारण होतं. तो कागद मी स्वतः भरला होता. शाळेतून दर शुक्रवारी एक पत्र येतं, त्याला एल्टर्नब्रीफ म्हणतात, पालकांचं पत्र. खाली कापून परत द्यायची पट्टी असते. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात वैभवीला पहाटे म्युनिकची गाडी पकडायची होती. दारातून म्हणाली, "आई, सही केलीय मी. जेवणाचं तेवढं तुम्ही भरा, चित्रं आहेत." खरंच चित्रं होती. कोंबडी, मासा, डुक्कर, गाय आणि गाजर, प्रत्येकापुढे चौकोन. मी चष्मा लावून नीट भरलं. गिरणीत तीस वर्षं लोकांचे डबे सांभाळले मी. डब्यावरच्या खडूच्या खुणेवरून ज्वारी कुणाची, गहू कुणाचा ओळखायची. एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात गेलं नाही कधी. कागदाच्या पट्टीची काय कथा?

शाळेच्या कचेरीत एकच बाई बसते, फ्राऊ क्रेमर. साठीच्या पुढची, केस पोरासारखे कापलेले, खिडकीत सायकलचं हेल्मेट. शुक्रवारचं पत्र तीच लिहिते. श्रीरंग, वैभवी आणि मला पाहून उठली, बुडबुड्यांचं पाणी दिलं. मी प्याले नाही. जिथे भांडायला जायचं तिथलं पाणी पिऊ नये.

श्रीरंग हळू आवाजात बरंच बोलला. ती मधे एकदाही बोलली नाही. नुसतं "या... या...", म्हणजे हो हो, करत ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर तिनं कपाटातून फाइल काढली आणि आमची पट्टी टेबलावर ठेवली.

चार फुल्या. कोंबडी, मासा, डुक्कर, गाय. गाजरापुढे बरोबरची खूण.

"बघ," मी श्रीरंगला म्हटलं, "किती स्वच्छ लिहिलंय. आंधळीला दिसेल."

त्या बाईनं एका फुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "क्रॉइट्स. आल्झो, या."

वैभवी माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "आई, इथे फुली म्हणजे हो. जे हवं त्यावर फुली मारतात."

श्रीरंगनं बायकोकडे पाहिलं. "तू भरलंस हे? नऊ वर्षं इथे राहून?"

"हो," वैभवी म्हणाली. "घाईत होते."

मी या मुलीला नऊ वर्षांत वरणात मीठ घालू दिलेलं नाही. तिच्या पोळ्यांना नकाशे म्हणते, तेही पाहुण्यांसमोर. आणि ती मला पाठीशी घालून, मान खाली न घालता, नवऱ्याचं ऐकून घेत होती. चौथीपर्यंत शिकले मी, पण एवढं कळायला शाळा लागत नाही.

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं. "फुल्या माझ्या आहेत."

मग मी त्या बाईच्या हातातलं पेन घेतलं. तिच्याच कागदावर बरोबरची खूण काढली, म्हटलं, "गूट," म्हणजे चांगलं. शेजारी फुली काढली, म्हटलं, "नाइन," म्हणजे नाही. आणि वैभवीला म्हटलं, "सांग तिला. आमच्या पाटीवर गुरुजी फुली मारायचे ते चुकलं म्हणून. फुली मिळाली की छडी मिळायची. मी डुकरावर फुली मारली ती जीव खाऊन मारली."

वैभवीनं सांगितलं. फ्राऊ क्रेमर माझ्या दोन खुणांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हसेल. ती हसली नाही. बोलली ते वैभवीनं मला सांगितलं:

"हा कागद आठ वर्षं मीच करते. ज्यांना जर्मन येत नाही त्यांच्यासाठी चित्रं घातली. वाटलं, झालं काम. कुणाला विचारलं नाही. चूक माझी आहे."

"तिला म्हणावं, अर्धी माझी. सगळी एकटीला घेऊ देणार नाही."

तेव्हा मात्र ती हसली. मग मी ते पाणी प्याले.

तिनं त्या दिवशी आणखी एक सांगितलं. ती इथे कामाला लागली ती नुसती फोन उचलायला. शिक्षण बेताचंच, आधी बेकरीत पाव विकायची. एका हिवाळ्यात शाळेचं हीटिंग बंद पडलं. पोरं कोट घालून बसली, घरी जाऊन सांगितलं आणि आईबाप भडकले की आम्हाला शाळेनं का नाही सांगितलं. हेडबाई शब्द जुळवत बसल्या. तेवढ्यात हिनं एका कागदावर दोन ओळी लिहून सगळ्या दप्तरांत घातल्या: हीटिंग बंद आहे. कधी सुरू होईल ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी भांडायला कुणी आलं नाही, चौघं घरचे हीटर घेऊन आले. तेव्हापासून शुक्रवारचं पत्र तिच्याकडे.

मला हे पटलं. पिठात खडा गेला तर गिऱ्हाईक घरी पोचायच्या आत आपण सांगावं. दाताखाली आल्यावर सांगून काय उपयोग?

त्या शुक्रवारी पत्र आलं. श्रीरंगनं उभ्यानं वाचलं, मग बसून मला मराठीत सांगितलं. "माझ्या हातून चूक झाली. माझ्या कागदावर फुली म्हणजे हो. बऱ्याच घरांत फुली म्हणजे नाही. एका आजीबाईंनी मला हे शिकवलं, त्यांचे आभार. ज्यांनी ज्यांनी फुली मारली आहे त्यांनी कृपया मला फोन करावा, मी एकेक कागद पुन्हा बघते." आमचं नाव नव्हतं. मूल शाकाहारी आहे की काय, तेही नव्हतं.

अकरा फोन आले म्हणे. एका कोरियन बाईनं मुलाच्या कानाचं दुखणं म्हणून पोहण्यावर फुली मारली होती, आणि पोरगं दर बुधवारी तलावात. ती रडली म्हणे फोनवर. पण तिनं मुलाला काढलं नाही. त्या दोन मराठी घरांनीही नाही.

"मग? काय करायचं?" मी श्रीरंगला विचारलं.

"काय करायचं काय," तो म्हणाला, "पट्टी आण. डुकरापुढे आता मी 'नाही' लिहितो, अक्षरात."

न्हाणीघराची कडी पुन्हा लागली नाही. देवापुढे दिवा लावताना मीच सांगून टाकलं, पोरीनं चीज समजून खाल्लंय, आणि आजीनं खा म्हटलंय. तुला जर्मन येत नसेल तर तो दोष पोरीच्या माथी मारू नकोस.

वैभवीला काय म्हणू? आभार मानायची आमच्याकडे रीत नाही. दुसऱ्या दिवशी वरण उकळत होतं, मी मिठाची बरणी तिच्या पुढ्यात सरकवली आणि बाल्कनीत जाऊन बसले. जरा खारट झालं. मी दोनदा वाढून घेतलं.

आता दर गुरुवारी ओवीला आणायला जाते तेव्हा फ्राऊ क्रेमर मला आत बोलावते. उद्याच्या पत्राची पट्टी माझ्यापुढे ठेवते. पोरं जंगलात जाणार असतील तर झाड, बूट, पाऊस अशी चित्रं काढलेली. ओवी मधे उभी राहून दुभाषीपणा करते, कंटाळली की जर्मनमध्येच उत्तर देते. मला कळलं तर सगळ्यांना कळेल, असा त्या बाईचा हिशेब. दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर मी जोडा काढला असता. ती म्हणते तेव्हा मान वाटतो.

काल चित्र होतं छत्रीचं. आणायची की शाळेत मिळणार, मला समजेना. मी कागद जवळ धरला, लांब धरला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. फ्राऊ क्रेमरनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातात पेन्सिल धरून, माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिली.

मी घाई केली नाही.