डाव्या गालावरची सावली

आमच्या फोटोवाल्यांनी कुणाला कधी 'हसा' म्हटलं नाही. नवऱ्याला मीही फोटोवालेच म्हणायचे. सगळी गल्ली तेच म्हणायची, मी एकटीने वेगळं काय काढणार? गिऱ्हाईक खुर्चीत ताठ बसलं की हे कॅमेऱ्यामागून मान वर काढायचे आणि विचारायचे, "गॅस बंद केलात ना?" समोरचा माणूस क्षणभर मनानेच आपल्या ओट्यापर्यंत जाऊन यायचा, आणि तेवढ्यात यांनी बटण दाबलेलं असायचं. फोटोत आम्ही आमच्यासारखे दिसतो, असं लोक सांगायचे.

दुसरी कला लपवण्याची. तिरळा डोळा, भाजलेला कान, ओठावरचा टाका, जे नको ते सावलीला देऊन टाकायचे. "मी खोटं दाखवत नाही," म्हणायचे. "उगाच सगळं दाखवत नाही, इतकंच."

मग गाठ त्यांच्याच डाव्या जबड्यावर आली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. डॉक्टरांकडे गाठी मोजायला फळंच का असतात कोण जाणे. ती पेरूएवढी होईपर्यंत दुकान गेलं होतं आणि दुकानातले दिवेही. कॅमेरा मात्र घरात राहिला, कारण तो इतका जुना की कुणी घेईना.

घरी येणारा प्रत्येक जण त्यांच्या उजव्या हाताला बसायला लागला. कुणी ठरवलं नव्हतं. मीही ताट उजवीकडून ठेवायचे, गोळ्या उजवीकडून द्यायचे. झोपायची बाजूसुद्धा बदलून घेतली. त्या बाजूला पंख्याचा वारा फार लागतो, असं मी म्हटलं. पंखा बरोबर मधोमध होता.

ऑपरेशन गुरुवारचं ठरलं. जबडा काढावा लागेल, एवढं डॉक्टर आमच्याकडे बघून बोलले. त्यापुढचं सगळं टेबलाकडे बघून.

घरी आल्या आल्या हे म्हणाले, "फोटो काढून घ्यायचा. हा चेहरा आहे तोवर."

"कुणाकडे जायचं?"

"कुणाकडे कशाला? तू काढणार." गाठीमुळे त्यांचे शब्द ओले यायचे, पण हुकूम कोरडाच असायचा. "माझ्यामागे भिंतीवर तोच लागेल. लोकांनी गाठ बघायची नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. असल्या बोलण्याला आपण झटकन हो म्हणतो, म्हणजे विषय मिटतो.

विषय मिटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकट्या भावजींना बोलावणं गेलं. भावजी नळदुरुस्तीची कामं करतात. त्यांच्या सायकलला कायम पाइपचा एखादा तुकडा बांधलेला असतो. रंगाचा रिकामा डबा, त्यात वाळू आणि सिमेंट, मधोमध पाइप उभा. झाला दिव्याचा खांब.

"दादा, हा दिव्यासाठी ना? की तुझा पुतळा बसवायचाय?"

"पुतळ्याला एवढं सिमेंट पुरायचं नाही," हे म्हणाले.

काडी मोडलेली छत्री माळ्यावर होती. तिला आतून मी पांढरं अस्तर शिवलं. पाइपला ती सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधली. बल्ब छत्रीकडे तोंड करून लावला, म्हणजे उजेड अस्तरावर आपटून मऊ होऊन परत यायचा, आणि पुढून आणखी एक जुनी मलमल चिमट्यांनी अडकवली. चिमटे लाकडीच हवेत, प्लॅस्टिकचे वितळतात, म्हणून हे अडून बसले. हे नवे बल्ब तापत नाहीत हे त्यांना पटेना. नवं आणलं ते फक्त बल्ब आणि होल्डर. दिवा लागल्यावर भावजींनी टाळ्या वाजवल्या. हे म्हणाले, "दिवा आहे की उंदराचा डोळा?" पण खुर्ची स्वतःच ओढून घेतली.

त्या खुर्चीत इतकी वर्षं मी बसत आले होते. गिऱ्हाईक यायच्या आधी मला बसवून दिवे जुळवायचे, मग मी उठायचे आणि नवरीमुलगी बसायची. ते जुने दिवे असे तापायचे की डोळे मिटूनही मला कळायचं, कुठल्या गालावर किती उजेड आहे. आता दिव्याला ऊब नव्हती आणि खुर्चीत ते होते. आता बघण्यावाचून सुटका नव्हती.

"बघ," ते म्हणाले. "सावली कुठून सुरू होते?"

"बघतेय."

"कानाकडे बघतेयस. गालाकडे बघ."

मी बघितलं. म्हणजे सावलीच्या कडेकडे बघितलं. कड नाकावरून उतरून ओठाच्या टोकापर्यंत जाते, एवढं मला सांगता येत होतं. कडेच्या पलीकडे मी गेले नाही.

पण सावली पुरेना. खोलीच्या भिंती फिक्या गुलाबी. इकडचा उजेड तिकडून परत यायचा आणि गाठीची गोलाई उठून दिसायची. "काळं काहीतरी हवं," हे म्हणाले. "उजेड पिणारं." शेजाऱ्यांच्या फ्रिजचा खोका होता, त्याचा मोठा पुठ्ठा कापला. काळं कापड घरात एकच होतं, माझा परकर.

"वहिनी, एवढा चांगला परकर फाडताय?" भावजी हळहळले.

"तुमच्या दादांच्या तोंडापुढे धरायचाय, चांगलाच हवा."

हे हसले आणि हसताना गाल धरला. मग शिकवायला लागले, जणू मी उद्यापासून दुकान उघडणार होते. "पुठ्ठा जवळ आणलास की सावली दाट होते. दिव्यावरचं कापड काढलंस तर कड सुरीसारखी येते. आत्ता काढू नकोस. सुरी गुरुवारी आहेच."

डावी बाजू अंधारात बुडाली. मी कॅमेऱ्यामागे गेले आणि विचारलं, "गॅस बंद केलात ना?"

"तूच केलास. मी बघितलं."

चेहरा सरकारी ओळखपत्रावरचा. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आपल्याच युक्तीला कोण फसणार? भावजींनी माकडचेष्टा करून बघितल्या, हे ढिम्म. माझे हात भरून आले होते. मला वाटतं म्हणूनच तोंडातून निघालं, इतक्या महिन्यांत एकदाही निघालं नव्हतं ते.

"दुखतंय का हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय सांगावं ते त्यांचं ठरत नव्हतं. मी बटण दाबलं.

"नाही," ते म्हणाले.

फोटो चांगला आला. "दादा, दहा वर्षं उतरली की रे," भावजी म्हणाले. यांनी तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला, मग म्हणाले, "दिवा जरा वर हवा होता."

ऑपरेशन झालं. उत्तम झालं, असं सांगितलं. रविवारी ते गेले.

सोमवारी दुपारपासून माणसं येणार होती. भावजी सकाळीच फोटो मोठा करायला पळाले आणि पहिली पाहुणी मंडळी रस्त्याच्या टोकाला दिसायला आणि त्यांची सायकल दाराशी यायला एकच गाठ पडली. फ्रेम कागदात गुंडाळलेली होती. भावजींचे डोळे सुजलेले, तरी बोलणं थांबेना. "वहिनी, दुकानवाला भला माणूस हो. म्हणाला, अर्धा चेहरा काळा आलाय, दिवा पोचला नसेल. मशीनवर बसून सगळा उजळून दिला. पैसे नकोत, माझ्याकडून, म्हणाला."

मी कागद काढला. परकर, पुठ्ठा, छत्री, सगळ्यांनी मिळून जे झाकलं होतं ते काचेखाली स्वच्छ उजेडात होतं.

भावजींना ते माझ्या तोंडाकडे बघून कळलं. "मी बघितलंच नाही हो... बांधून दिला, घेऊन आलो. बदलून आणू?"

"मंडळी दारात आलीत. खांब आणा माळ्यावरून. आणि पुठ्ठा."

फोटो टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला. दिव्यावरची मलमल काढली, छत्री मिटवली, नुसता बल्ब ठेवला. पुठ्ठा फोटोच्या अगदी जवळ आणला, एक बोट इकडे, अर्धं बोट तिकडे. सावलीची कड नाकावरून उतरून ओठाच्या टोकाशी आली. सुरीसारखी. मग दार उघडलं.

माणसं आली, बसली, रडली. कुणी गॅसची आठवण काढली, तेव्हा थोडं हसलीही. सगळी फोटोच्या उजव्या बाजूला बसली, सवयीने. फक्त त्यांच्या मावशींना राहवेना. "अगं, हा पुठ्ठा कसला मध्ये? नीट उजेड पडू दे की त्याच्यावर."

"राहू दे मावशी. त्यांनीच तसा लावायला सांगितलाय."

मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. हिचं डोकं ठिकाणावर नाही, असं त्या हाताने म्हटलं.

मंडळी उठली. भावजी मावशींना पोचवायला गेले. खोलीत मी, बल्ब आणि पंख्याची घरघर. लोकांनी बघायची नाही असं ठरलं होतं. मी काही लोक नव्हते. मी पुठ्ठा बाजूला केला.

उजवा गाल 'नाही' म्हणायच्या बेतात होता. तेवढाच मी त्या दिवशी बघितला होता. डावीकडे कातडी ताणून चकचकीत झालेली, ओठ खाली ओढलेला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी, त्यात बल्बचा बारकासा ठिपका. दुखत होतं. मी विचारलं तेव्हा दुखत होतं, आणि त्याआधीही रोज.

मी खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसले.

बाहेर भावजींची सायकल टेकल्याचा आवाज आला, तशी उठून पुठ्ठा पुन्हा जागेवर लावला.