शिखराखाली तीनशे फूट

रुही झाल्यानंतरचा माझा हा पहिला डोंगर. आठ महिने रेडमंडच्या फुटपाथवरून नुसता स्ट्रोलर ढकलला होता. या वेळी वर पोचायचंच, असं ठरवून मी आणि माझी मैत्रीण मंजुषा पहाटे पार्किंगमधून निघालो.

दोघींकडे स्प्लिटबोर्ड होते, म्हणजे मधोमध उभा दुभंगणारा स्नोबोर्ड. चढताना त्याच्या दोन स्की होतात. तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे मागे घसरत नाही. वर पोचलं की पट्ट्या काढायच्या, बोर्ड जोडायचा आणि उतरायचं. बारा वाजता जिथे असू तिथून परत, कारण उन्हानं बर्फ सुटून खाली घसरायला लागतो. हा नियम मंजुषाचा.

अकराला, शेवटच्या चढावर, माझी डावी पट्टी निघाली. पुसून लावली. दहा पावलांत पुन्हा निघाली. मंजुषानं ती नाकाशी धरली.

"अगं, खोबरेल?"

तेव्हा आठवलं. काल संध्याकाळी रुहीला मालीश केलं. ती तेलात चकचकत पाय झाडत होती, हसत होती. तिला नवऱ्याकडे, निमिषकडे, आंघोळीला दिलं आणि मी हात नुसते टॉवेलला पुसून पट्ट्या तपासायला बसले.

"धन्य आहेस बाई! पोरीबरोबर स्कीलाही मालीश?"

"नंतर हस. टेप दे."

ओल्या पट्टीवर टेप टिकली नाही. मग बोर्ड पाठीला बांधून पायी चढायला लागले. मांडीपर्यंत रुतत होते, एकेक पाय उपसून काढावा लागत होता. पावणेबाराला शिखर अजून तीनशे फूट वर होतं. अगदी स्पष्ट दिसत होतं.

"अर्धा तास जास्त लागेल," मंजुषा म्हणाली. "चालतं यार. एवढी आली आहेस."

मला तेच ऐकायचं होतं. मी पाय उचलला. बुटाशेजारून बर्फाचा गोळा सुटला आणि मोठा होत होत खाली गेला. त्याच्यामागून आणखी दोन.

"नको," मी म्हणाले. "बोर्ड जोडू."

"नंतर मला बोल लावशील."

"लावीनच. घरी जाऊन."

रागारागानं बोर्ड जोडला. वर एकदाही बघितलं नाही. बाराच्या आत पहिलं वळण घेतलं. बर्फ जड होता, गुडघे कुरकुरले.

"गुडघ्यात जरा वाक ना, काकू!" मंजुषा मागून ओरडली.

मी वाकले.