न्हाणीतली सीतेची वेणी

"आवं, गरम पाणी घ्या आन् न्हाणीचं दार घट्ट लावा. वाफ भाईर जाती."

"अगं, लेहला बरफ फोडून आंघोळ केलेला गडी हाय मी," नाथाजी हवालदार खांद्यावरचा पंचा सावरत म्हणाले. "आता पेन्शनीत एका झाडापायी शिजून घिऊ?"

आणि गार पाण्याची बादली उचलून ते अंगणातल्या नळाकडं गेले. तिथं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी आंघोळ केली. बनुबाईनं कपाळाला हात लावला.

झाड होतं सीतेच्या वेणीचं. शहरातली माणसं त्याला ऑर्किड म्हणतात आणि नर्सरीतून विकत आणतात. बनुबाईच्या माहेरी, पाटणच्या खोऱ्यात, ते दारच्या जांभळीवर आपलं आपण वाढायचं. ओल्या हवेतच राहणारं ते झाड; खोडाला मुळं चिकटवून लोंबत असायचं. उन्हाळा सरताना गुलाबी ठिपक्यांचे लांब घोस सुटायचे आणि आई त्यातला एक तोडून लेकीच्या केसांत माळायची. त्या ओल्याचिंब गावातून बनुबाई लग्न होऊन आली ती कवठे महांकाळच्या उन्हात. माहेरची हळद लावून पाहिली, रानकेळ लावून पाहिली. काही जगलं नाही.

"तू तेवढी जगलीस की," नाथाजी म्हणायचे.

बनुबाईच्या धाकट्या भावानं, धोंडिरामनं, वाऱ्यानं मोडलेल्या फांदीवरचं झाड पहिल्यांदा आणून दिलं, तेव्हा नाथाजींनी मोठ्या प्रेमानं ते कुंडीत लावलं आणि बुडाला घमेलंभर शेणखत घातलं. डाळिंबाला मानवतं ते याला का नाही? मुळं कुजून गेली. दुसरं झाड बनुबाईनं अंगणातल्या लिंबाला बांधलं. ते उन्हानं कुरडईसारखं वाळलं.

तिसरं देताना धोंडिरामनं बजावलं होतं, "आक्का, ही शेवटची खेप. औंदा फुललं न्हाई तर परत घिऊन जाणार. उगं हाल नगंत त्येचं."

ते परत गेलं असतं, तर माहेरचं इथं काही तगत नाही यावर कायमचाच शिक्का बसला असता. म्हणून ते नारळाच्या सोडणावर सुतळीनं बांधून न्हाणीत टांगलं. उंच खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन, आणि आंघोळीची वाफ. पांढरी मुळं ओली झाली की हिरवी व्हायची, बनुबाईचा चेहरा उजळायचा. पण घरात माणसं दोन, त्यातलं एक गार पाण्याचं. एका बाईच्या आंघोळीची वाफ ती किती पुरणार? चार वेळा सांगून तिनं नाद सोडला. माणूस आणि झाड, दोघांच्या मागं कुठवर लागायचं?

एप्रिलात एकदा गिरणीतून दळण घेऊन येताना शेजारच्या येसूबाईनं तिला वाटेतच अडवलं.

"बनुबाई, हवालदारास्नी थंडी वाजून आली व्हय गं?"

"का?"

"अगं, भर दुपारी बंब पेटलाय तुझ्या अंगणात. आमी हितं पदरानं वारं घेतोय!"

बनुबाई दळणाचा डबा घेऊन तशीच मागच्या अंगणात गेली. बंबाच्या धुराड्यातून धूर निघत होता. न्हाणीचं दार घट्ट लावलेलं, आणि आतून पाणी ओतल्याचा आवाज.

"ह्ये घे. आनखी घे. सीना तानके! शाब्बास, बेटा. धोंडू न्ह्यायला आला तर त्येच्या हाती लागायचं न्हाई, समजलं का?"

ती पाय न वाजवता घरात निघून गेली. नाथाजी बाहेर आले ते उकडलेल्या रताळ्यासारखे लाल होऊन.

"लय गार लागलं बाई आज पाणी," ते म्हणाले.

"व्हय, दिसतंय की," बनुबाई म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर पडताना बंबाशेजारी तुरकाट्यांची मोळी ठेवून जाऊ लागली.

मे सरता सरता घोस सुटला. हातभर लांब, गुलाबी ठिपक्यांचा. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, येसूबाई हळदीकुंकवाची कुयरीच घेऊन आली. न्हाणीच्या दाराशी चपला काढून बायका आत जात होत्या. नाथाजी पंचा लावून अंगणात ताटकळत उभे.

"आवं, आमाला आंघोळीला जागा हाय का न्हाई ह्या घरात?"

"नळ हाय की तुमचा!" येसूबाई आतून ओरडली.

त्याच दुपारी धोंडिराम आला. बनुबाईनं त्याला पाणीसुद्धा न देता थेट न्हाणीत नेलं. तो पाहत राहिला. मग पालथ्या बादलीवर बसला.

"काय रं? आता न्हे बघू!"

"न्हाई न्हेत, आक्का. तुजं हाय." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "जांभळ गेली गं. रस्ता रुंद केला त्यात. मी गावात नव्हतो. येस्तवर फांद्या भट्टीत गेल्या व्हत्या. म्हनून वाटलं व्हतं, ह्ये तरी घरला न्ह्यावं..."

बनुबाईनं स्टूल घेतलं, विळा घेतला. झाडाच्या बुडाशी एक पिल्लू फुटलं होतं, त्याला बोटभर मुळं आलेली. ते अलगद सोडवून तिनं आपल्या जुन्या मऊ लुगड्याच्या ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि भावाच्या ओंजळीत ठेवलं.

"माझ्या घरचं हाय. नीट सांभाळ."

स्टँडवर नाथाजींनी मेव्हण्याला बाजूला घेतलं. "धोंडू, आंघोळ गरम पाण्यानंच करायची."

"आवं दाजी, आमच्याकडं आठ म्हयनं भिंतीस्नी ओल असती!"

"तरीबी. हुकूम हाय."

एसटी हलली. सगळ्या खिडक्यांतून माणसं वाऱ्याला डोकी काढून बसली होती. धोंडिरामनं मांडीवरचं ओलं फडकं दोन्ही हातांत धरलं, कोरडा वारा लागू नये म्हणून कोपरानं काच ओढली, आणि मे महिन्याच्या त्या उन्हात अख्ख्या गाडीची एकच खिडकी बंद करून तो माहेराकडं निघाला.