आठवण खाणारी सावली

दिवे मालवले आणि खचाखच भरलेलं सभागृह चिडीचूप झालं. व्यासपीठावर हरवलेली आठवण परत आणून देतो म्हणणारे 'आठवणवाले महाराज' आणि समोरच्या खुर्चीत आमच्या शेजारच्या शिंपीणकाकू. सत्तरीच्या काकू अलीकडे कात्री कुठे ठेवली तेही विसरायच्या, म्हणून मुलाने त्यांना इथे आणलं होतं.

व्यासपीठामागे कुणीतरी धाडकन पत्रा वाजवला. महाराज काकूंच्या कानाशी गरजले, "तुझ्या घरात मरण शिरलंय! सांग, नातवंडांची नावं काय?"

काकूंना एकही नाव आठवेना.

"पाहा! सावलीने आठवण खाल्ली! सावली कुणाची? बाहेरून घरात आलेल्या बाईची!"

सगळ्या माना काकूंच्या सुनेकडे वळल्या. नवरा तिच्याकडे न बघताच पुटपुटला, "उद्या माहेरी जा."

मग दिवे लागले. महाराजांनी काकूंना पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने काकूंना नावं आठवली. जयजयकार!

सून माहेरी गेली नाही, गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. "मी खरंच खाते का हो त्यांची आठवण?"

"महाराज खुर्चीत म्हाताऱ्यांनाच का बसवतात गं?" बाईंनी उलट विचारलं.

पुढच्या सभेत बाईंनी सुनेलाच खुर्चीत बसवलं. "सावली हीच ना? करा परीक्षा!"

महाराज नाही कसं म्हणणार? पत्रा वाजला, गर्जना झाली. सून दचकली, क्षणभर अडखळली, पण नावं सांगून मोकळी झाली. मग बाई काकूंशेजारी बसल्या, शिवणाच्या गप्पा मारता मारता तेच विचारलं. ना मंत्र, ना पाणी. काकूंनी हसत नावं सांगितली.

"भ्यालं की अंगात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं," बाई म्हणाल्या. "मग पाठ असलेलंही आठवत नाही. परीक्षेत पोरांचंही हेच होतं. पण तरुणपणी ते बहुधा लवकर ओसरतं, म्हातारपणी रेंगाळतं. आणि म्हाताऱ्या माणसाला सतत धाकात ठेवलं, तर स्मरणशक्ती खरोखरच खंगते. हे महाराज रोग बरा करत नाहीत, वाढवतात!"

महाराज मागच्या दाराने पसार झाले.

"आई, चुकलो," मुलगा म्हणाला.

"मला काय सांगतोस? तिला सांग!"

सुनेने त्याची माफी ऐकून घेतली आणि काकूंचा हात धरून ती घरी निघाली. अजूनही ती नवऱ्याशी मोजकंच बोलते.

महाराजांनी म्हणे दुसऱ्या शहरात सभागृह घेतलंय. तिथल्या खुर्चीतही कुणाची तरी आई बसेल. तुमच्या घरात कुणी विसरू लागलं, तर सावली शोधत बसू नका. त्यांच्याशी हळू बोला, आणि दवाखान्यात न्या.