भरल्या गाडीला वाट

आप्पांनी माईकवर फुंकर मारली. रिकाम्या यार्डात ती गोदामांच्या भिंतींवर आपटून परत आली.

"ऐकू येतंय का, सत्ये?"

खाली गाडीत बसलेल्या सत्यभामेनं खिडकीतून हात काढून हलवला. ऐकू न येऊन सांगतंय कुणाला? साखर कारखान्याचा तो कर्णा असा होता की हंगामात त्याचा आवाज शेजारच्या दोन गावांत घुमायचा आणि तिथल्या बायका त्याच्या वेळेवर भाकऱ्या थापायला बसायच्या.

पंचांगानं पाहिलं तर तेव्हाही ऐन हंगामच होता. पौष चालू होता. पण माजलगावच्या धरणात गाळाशिवाय काही उरलं नव्हतं, होता तो ऊस जनावरांच्या चाऱ्यात गेला होता आणि सहकारी कारखान्याचा बॉयलर लागोपाठ दुसऱ्या वर्षी पेटला नव्हता. तोडणीच्या टोळ्या कर्नाटकात निघून गेल्या होत्या. एरवी ज्या यार्डात बैलगाड्यांना उभं राहायला जागा नसायची, तिथे आप्पांनी तेलाची रिकामी पिंपं मांडून वळणं आखली होती, आणि त्यांची लेक त्यातून गाडी पळवत होती.

आप्पा म्हणजे शहादेव. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी यार्डातल्या मचाणावर माईक धरून काढली. कुठल्या गाडीनं वजनकाट्यावर यायचं, कुठल्या गाडीनं दम धरायचा, हे तेच सांगणार. कारखाना बंद पडल्यावर इतर माणसं कमी झाली. आप्पांना राखणदार म्हणून ठेवलं. काम नव्हतंच, पण रोज मचाणावर चढल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

यार्डाचा एकच कायदा होता. काट्याकडे जाणारी वाट उताराची. उसानं भरलेली गाडी उताराला लागली की बैलांच्या माना खाली जात आणि मग ती थांबवणं कुणाच्या बापाच्या हातात राहत नसे. समोरून ऊस उतरवून रिकामी गाडी येत असेल तर तिनं बाजूला व्हायचं. मचाणावरून आवाज यायचा, "भरली हाय. वाट दे." गाडीवान तर सोडाच, यार्डात खेळणारी पोरंसुद्धा मागे न बघता बाजूला उडी मारायची. सत्यभामा त्याच पोरांतली.

पुढे ती पुण्याला डिप्लोमा करायला गेली, तिथून गॅरेजात रमली, आणि गॅरेजातून शर्यतीच्या गाडीत कधी जाऊन बसली हे घरात कुणालाच नीट कळलं नाही. देशपातळीवरची टूरिंग कार स्पर्धा होती ती. गाड्या रस्त्यावर दिसतात त्याच. फक्त आतून सगळं काढून टाकून लोखंडी पिंजरा बसवलेला. तिच्या संघाचे व्यवस्थापक पंडित सर एकदा घरी आले, यार्डातला सराव त्यांनी पाहिला. आप्पांच्या आवाजावर ही पोरगी डोळे मिटल्यासारखी गाडी वळवते, हे त्यांनी हेरलं आणि चेन्नईच्या टप्प्याला आप्पांनाच सोबत नेलं. संघाची माणसं जिथे थांबतात त्या पिटच्या भिंतीशी खुर्ची, कानाला हेडफोन, तोंडाशी माईक. आप्पांना त्यात नवं काहीच वाटलं नाही.

घोटाळा झाला तो तिथेच. या स्पर्धेत जिंकणाऱ्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीला शिशाचं वजन टाकतात, म्हणजे बाकीच्यांना बरोबरी करता यावी. सेल्वन नावाचा कोइमतूरचा पोरगा आधीची शर्यत जिंकला होता. त्याची गाडी आज भरलेली आहे, असं पंडित सरांनी आप्पांना सकाळीच समजावून सांगितलं. शेवटच्या लॅपला सेल्वनची आणि सत्यभामेची गाडी दाराला दार लावून वळणावर आली, आणि आप्पांच्या तोंडून निघून गेलं, "भरली हाय. वाट दे."

तिला काही कळायच्या आत तिचा पाय उचलला गेला. सेल्वन बॉनेटभर पुढे निघून गेला.

ती गोष्ट घरात अजून शिळी झाली नव्हती. त्या दिवशी दुपारी मचाणाखालच्या सावलीत सत्यभामेच्या आईनं, विमलबाईंनी, भाकरी सोडली, तेव्हा पाटोद्याहून आलेल्या छबुआत्यांनी भावाला धरलं.

"शहादेव, तू म्हणं पोरीची जिंकायची गाडी थांबिवली."

"थांबिवली कुठं. वाट दिली."

"अन् ही येडी, हिनं बी ऐकलं?"

"ऐकंल न्हाई तर," विमलबाई म्हणाल्या. "आमच्या घरात आजपस्तोर कुणाची बिशाद झालीय का न्हाई म्हणायची? मी सुदा भाजीत मीठ त्या भोंग्याला इचारून टाकती."

सत्यभामा ठसका लागेपर्यंत हसली. आप्पाही हसले.

"आता शेवटच्या शर्यतीला कोइमतूरला म्या तोंडाला रुमाल बांधून बसणार," ते म्हणाले. "वळण सांगायचं आलं की रुमाल खाली, सांगून झालं की वर."

"अन् मधीच शिंक आली तर?"

"मंग सेल्वनचं नशीब."

भाकरी संपली. आप्पांनी पेल्याच्या तळाला राहिलेलं पाणी फेकलं नाही, पिंपाच्या सावलीत बसलेल्या कुत्र्यापुढे ओतलं. मग लेकीकडे न बघता म्हणाले, "ते बोलणं पुन्यांदा माझ्या तोंडातून निघणार न्हाई, बाई. तुझ्या गळ्याची आन."

"जाऊ द्या हो आप्पा," ती म्हणाली. "शेवटच्या टप्प्याला बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा यार्डाचं कुलूप काढायला गेले ते परत आले नाहीत. विमलबाईंनी लेकीला बघायला पाठवलं. ते वजनकाट्याच्या लोखंडी पत्र्यावर मांडी घालून, खांबाला टेकून बसले होते. गाडीची वाट बघत बसावं तसे. सत्यभामेनं हाक मारली. जवळ गेली. खांद्याला हात लावला, आणि मग तिथेच त्यांच्याशेजारी बसून राहिली. तिला शोधत विमलबाई आल्या, तेव्हा कुठे गावाला कळलं.

सिंदफणा नदीत वाळूच होती. अंत्यविधीनंतर अंघोळीला पाण्याचा टँकर मागवला, पण ज्यानं त्यानं तांब्याभर पाणी अंगावर घेऊन बाकीचं पुढच्यासाठी सोडलं. फोन येत राहिले. "शहादेव गेला म्हणं," पलीकडून कुणी म्हणालं की सत्यभामा फोन आईच्या हातात द्यायची. ती रडली नाही. आल्यागेल्याला चहा करत होती. बाप गेला हे घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून दहादा बोलत होतं. एकटी तीच ते बोलली नव्हती.

पंडित सरांना मात्र तिला फोन करावाच लागला. शेवटची शर्यत तोंडावर आली होती. तिचे आणि सेल्वनचे गुण सारखे होते. कोइमतूरला दोघांत जो पुढे राहील त्याचं अजिंक्यपद.

"आप्पा येणार नाहीत, सर."

"का गं?"

"बरं नाही त्यांना."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आपण खोटं बोललो असं आपल्याला वाटतच नाही.

छबुआत्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "सुतकात पोरगी गाडी पळवाया जाती? लोक तोंडावर थुंकतेल की."

"थुंकू द्या," विमलबाई म्हणाल्या. "थुंकाया तरी तोंडात पाणी कुठं राह्यलंय, वन्सं." मग लेकीकडे वळून, "जा तू. दहाव्याच्या आत माघारी ये."

कोइमतूरला सत्यभामा हेल्मेट घालून गाडीत बसली, पट्टे आवळले गेले, दार लागलं. सरावाच्या पहिल्याच लॅपला हेडफोनात खरखर झाली आणि त्या खरखरीमागून कुणीतरी माईकवर फुंकर मारली.

*दमानं. दमानं घे, बाई.*

तिनं बटण दाबलं. "सर, लाइनवर अजून कोण आहे?"

"कुणी नाही. मीच आहे," पंडित सर म्हणाले. "का?"

"काही नाही."

ती काही भोळी बाई नव्हती. मन काय काय करतं हे तिनं वाचलेलं होतं, त्याला काय नाव देतात तेही तिला ठाऊक होतं. पण ते नाव तिनं मनातसुद्धा घेतलं नाही. घेतलं तर हा आवाज जाईल अशी तिला भीती वाटली. तिनं पंडित सरांना सांगितलं नव्हतं, संघातल्या पोरांना सांगितलं नव्हतं. इथल्या माणसांपुरते आप्पा बीडला पांघरूण घेऊन पडलेले होते, औषध घेत होते, उद्या फोनवर निकाल विचारणार होते. असं एक तरी गाव जगात असावं, एवढंच तिला हवं होतं.

शर्यत दुपारी सुटली. सेल्वन पहिल्या रांगेत डावीकडे, ती त्याच्या मागे. सिग्नलचे लाल दिवे विझले आणि सगळ्या गाड्या एकदम पहिल्या वळणाकडे ओतल्या गेल्या. कुणाचा तरी आरसा फुटून तिच्या काचेवर आला. एका गाडीनं तिला मागून दोनदा ढोसलं.

*ढुसू दे त्याला. तू बघू नगं माघारी.*

तिनं पाहिलं नाही. आवाज वळणामागून वळण सांगत होता आणि एकही चुकत नव्हता. *आता सोड. आता दाब. डाव्या अंगाला माती हाय, चाक नेऊ नगं.* डाव्या अंगाला खरोखरच माती होती. पुढची गाडी तिथून घसरली आणि वाळूत जाऊन रुतली. पंडित सर काहीतरी बोलत होते, टायर सांभाळ म्हणत होते, ते तिला लांबून ऐकू येत होतं, भिंतीपलीकडच्या घरात चाललेल्या बोलण्यासारखं.

इतकं चांगलं तिनं कधीच चालवलं नव्हतं. हेल्मेटात तिला उसाच्या मळीचा वास येऊ लागला. कठड्यापलीकडचे प्रेक्षक तिला दिसेनात, त्यांच्या जागी जू उतरवून उभ्या असलेल्या बैलगाड्या दिसू लागल्या, रांगेनं, चिमणीपर्यंत. अर्धी शर्यत सरल्यावर तिनं सेल्वनला गाठलं. मग लॅपमागून लॅप दोघं एकमेकांना सोडीनात. सरळ रस्त्याला तो हातभर पुढे, वळणाला ती. एकदा तिचं दार त्याच्या दाराला घासलं आणि ठिणग्या उडाल्या. सेल्वननं मान वळवून तिच्याकडे पाहिलंही.

शेवटचा लॅप. शेवटचं वळण उजवीकडे आणि किंचित उताराचं. ती आतल्या बाजूला होती, तो बाहेर, आणि दोघांची पुढची चाकं एका रेघेत. सेल्वनच्या गाडीत आजही वजन होतं. उताराला ती जड गाडी तिच्याकडे कलंडत येताना तिला दिसत होती. दोघांपैकी एकानं पाय उचलला नाही तर दोघंही भिंतीवर जाणार होते.

हेडफोनात आवाज आला. शांत, रोजचा, हजारो वेळा ऐकलेला.

*भरली हाय. वाट दे.*

तिचा पाय पेडलवरून सुटू लागला.

आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, आप्पा हे बोलले नसते. आप्पांनी तिच्या गळ्याची आण घेतली होती. आयुष्यात त्यांनी तिची खोटी शपथ कधी घेतली नव्हती. जिवंत असते, इथे खुर्चीवर बसलेले असते, तर जीभ चावून गप्प राहिले असते. माणूस चुकतो आणि त्यातून काही शिकतो. हा आवाज काही शिकलेला नव्हता. तो तेच बोलत होता जे तिला पाठ होतं, आणि तिला जे पाठ नव्हतं ते तो कधीच बोलणार नव्हता. हेडफोनात आप्पा नव्हते. पिटच्या भिंतीशी नव्हते, मचाणावर नव्हते, पांघरूण घेऊन पडलेले नव्हते.

तिनं पाय खाली दाबला आणि तळाशी धरून ठेवला.

सेल्वननं तिच्याकडून वाट अपेक्षिली असावी. चेन्नईला मिळाली होती. ती मिळत नाही हे त्याला फार उशिरा कळलं. त्याची गाडी बाहेरच्या कठड्याला पुसटशी लागली, डगमगली, सावरली आणि पुन्हा तिच्या दाराशी आली. सरळ रस्त्यावर दोन्ही इंजिनं एकच आवाज करत होती. शर्यत संपल्याचा चौकड्यांचा झेंडा कुणासाठी हलला ते तिला कळलं नाही.

मग रेडिओवर पंडित सर ओरडत होते. "तू! सत्या, तू! अर्ध्या चाकानं! अगं, अजिंक्यपद घेऊन आलीस तू!" मागे पोरं पत्रे बडवत होती, कुणीतरी नाचत असावं.

तिनं गाडी हळू केली. शर्यत संपल्यावर एक लॅप सावकाश मारून आत यायचं असतं, तो लॅप तिनं सुरू केला. सेल्वन बाजूनं गेला, काचेतून त्यानं अंगठा दाखवला. तिनं हात वर केला. हेडफोनातली खरखर तिनं नीट कान देऊन ऐकली. पंडित सर श्वास घ्यायला थांबले तेवढ्या जागेत ऐकली. त्यात कुणी नव्हतं. कठड्यापलीकडे माणसं होती, टोप्या हलवत होती, साधी माणसं.

"आणि ऐक," पंडित सर म्हणाले, त्यांचा घसा बसला होता. "तू आत यायच्या आधी मी आप्पांना फोन लावतो. आजारी असू देत नाहीतर काही. हे ऐकून ताडकन उठून बसतील बघ. लावू ना?"

तिनं बटणावर अंगठा ठेवला. बटण दाबलं.

"नका लावू, सर."

"का गं? झोपले असतील?"

"नाही," सत्यभामा म्हणाली. "आप्पा गेले."