झाकणाचं रबर

"उघडलेलं नाही हं. हात फक्त बाहेरून लागलाय," नोरीन दारातूनच म्हणाली आणि बिस्किटांचं पाकीट पुढे केलं.

टेगन बघतच राहिली. सासूच्या हातात प्लास्टिकचं पाकीट तिने आजवर पाहिलं नव्हतं. ह्युअन नदीकाठच्या त्या गावात सुट्या मालाच्या दुकानाचा गल्ला नोरीनच सांभाळायची. लोकांच्या रिकाम्या बरण्या आधी तोलायच्या, बुडाशी मेणाच्या पेन्सिलीने वजन लिहायचं, मग ओट, तांदूळ, मध भरून द्यायचा. कुणी पिशवी मागितलीच तर ती अशी बघायची, की पुढच्या खेपेला तो घरून उशीचा अभ्रा घेऊन यायचा. "आईला पुरल्यावर शवपेटी धुऊन परत करावी लागणार," असं तिचा मुलगा कॅल म्हणायचा, आणि सगळ्यात मोठ्याने नोरीनच हसायची.

गेल्या हिवाळ्यापासून हे कुणी म्हणत नाही.

तेव्हा टेगनच्या मुलासाठी, अंगससाठी, ओट तिनेच आणले होते. बरणीत आधी काजूचं लोणी होतं. नातवाला काजू चालत नाहीत हे पक्कं ठाऊक, म्हणून तिने बरणी उकळून काढली, उन्हात वाळवली. झाकणाचं रबर तेवढं काढून धुवायचं राहिलं. दोन घासांत पोराचे ओठ सुजले, छाती घरघरायला लागली. टेगन त्याच्या मांडीत ॲलर्जीवरची सुई टोचत होती आणि नोरीन ती बरणी पोटाशी धरून उभी होती.

अंगस वाचला. टेगन सासूला एका शब्दाने बोलली नाही. फक्त तिच्या हातचं काही त्याच्या तोंडात जाऊ दिलं नाही. नोरीनने गल्ला सोडला. गुडघे दुखतात म्हणाली.

"नॅन, बिकी," अंगस बिस्किटांकडे बोट दाखवत आजीच्या पायाला बिलगला.

"आईला विचार, राजा."

न बघता फोडून द्यावं, असं टेगनच्या मनात आलं. तरी हातांनी पाकीट उलटं केलंच.

"दुकानात वाचलंय मी. चष्मा लावून," नोरीन म्हणाली. "पण तू वाच. वाचच तू."

टेगनने बारीक अक्षरं वाचली, मग पुन्हा वरून वाचली. तोवर नोरीन हात पाठीशी धरून उभी होती.

"ठीक आहे. तू दे ना त्याला."

"नको गं. हात धुतलेत मी, पण... तूच दे."

आग्रह करायला हवा, हे टेगनला कळत होतं. तिने बिस्कीट स्वतःच दिलं, उरलेली आपल्या डब्यात ओतली आणि पोराच्या ओठांकडे बघत बसली.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. नोरीन मागच्या अंगणात होती. रिकामं पाकीट धुऊन ती ते दोरीवर, अंगसच्या मोज्यांशेजारी वाळत घालत होती.

"अगं, कशाला? फेकायचंच आहे ना ते?" टेगनने खिडकीतून विचारलं.

"हो, फेकायचंच आहे," नोरीन म्हणाली, आणि कोपरा नीट ताणून तिने दुसरा चिमटा लावला.