तानाबाईला द्यायचा निरोप

वच्छला गेली तेव्हा माझ्या पाठीवर फवारणीचा पंप होता. नागपूरच्या दवाखान्यातून आमच्या मुलीचा, निशिगंधाचा फोन आला. "बाबा, आई गेली," एवढंच बोलली. मी पंप उतरवला आणि बांधावर बसलो. वच्छलानंच मला घरी पाठवलं होतं. "कपाशीले अळी लागली असन. इथं खुर्चीत बसून तुमी काय करून राह्यले?"

तिच्या स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ होती. त्या दवाखान्यात नव्या उपचाराची चाचणी चालू होती, तिथं तिनं नाव दिलं. शिरेतून औषध सोडायचे आणि त्याच वेळी पोटावर सोनोग्राफीसारखं यंत्र लावायचे. शेजारच्या सत्यभामाबाईनं विचारलंच, "या वयात सोनोग्राफी, वं? पोरगा हाय का पोरगी?"

"जुळे हायेत," वच्छला म्हणाली. "बारशाले पाळणा तूच घेऊन ये."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, नुसतं औषध गाठीपर्यंत पोचतं, आत फारसं शिरत नाही. म्हणून सोबत बारीक बुडबुडे सोडतात. यंत्राच्या लहरींनी ते थरथरतात आणि औषधाला आत वाट मिळते. मला काही उमगेना. वच्छलाला लगेच उमगलं.

"आपल्या बीटी कपाशीतली गुलाबी अळी नाही का? बोंडात शिरली का वरून कितीक फवारा, तिले काई होत नाही. हे बोंडाच्या आत फवारणं होय."

रोहिणखेडची तानाबाई तिची मामेबहीण. तिलाही तशीच गाठ, आणि ती घाबरलेली. वच्छलानं तिला फोनवर सांगितलं, "आधी मले जाऊ दे. मंग तुह्या घरी येऊन सांगीन. तवा ठरव."

गाठ आटली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवली. पण औषधानं अंगातली ताकद गेली होती, त्यात न्यूमोनिया झाला. हा धोका त्यांनी आधी सांगितला होता. सांगितला होता, हे खरं.

दुखवट्याला बसायला आलेल्या बाया म्हणत होत्या, गाठीले छेडलं का ते खवळते, मशीननंच नेली. मी दमलो होतो. त्यांचं बोलणं खोडून काढलं नाही. तानाबाईचा नवरा पंजाबराव तिथंच बसून ऐकत होता. निघताना चपला घालत म्हणाला, "निवृत्तीभाऊ, नागपूरवरून तिले बोलावणं आलं. तेरवीनंतरच्या सोमवारी. आता जात नाही म्हणते. वच्छलाअक्कानं काय सांगितलं होतं शेवटी? तुमी तरी येऊन सांगा."

"सुतकात कोणाच्या दारी कसा येऊ? तेरवी होऊ द्या."

"हाव," तो म्हणाला आणि गेला.

तेरवी काल झाली. गाठ आटली होती हे सांगायचं आहे, आणि तरी वच्छला गेली हेही. बाया म्हणतात ते खोटं, हे सांगायचं आहे. पण जा म्हणायचं की नको म्हणायचं, ते मला ठरवता येत नाही. ते ती येऊन सांगणार होती.

सोमवार परवा आहे. मी अजून रोहिणखेडला गेलो नाही.